गव्हाणीतलं बाळ, जानेवारीत

नाताळ उरकला की चर्चच्या मंडळीतल्या लोकांना येशूला आवरून ठेवायची कोण घाई होते. जिच्याखाली उभं राहून सगळ्यांनी डोळे पुसले, ती चांदणी वायरीसकट गुंडाळून कपाटावर जाते, मेंढपाळांचे झगे धुवायला जातात आणि गव्हाणीच्या फळ्या जिन्याखाली. या आवराआवरीचा सिस्टरला दरवर्षीच राग यायचा. यंदा मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण यंदा गव्हाणीत बाहुली नव्हती, जितंजागतं बाळ होतं, आणि तेही आवरून ठेवायचा घाट मंडळीनं घातला होता.

सिस्टर म्हणजे मठातली सिस्टर नव्हे. ती दवाखान्यातली सुईण. बाळंतपणाच्या वॉर्डात तिचे केस पांढरे झाले. तिथे सगळे सिस्टर म्हणत म्हणून गल्लीतही सिस्टर आणि चर्चमध्येही सिस्टर. पाठीमागे तिला 'सुई' म्हणत. हे तिच्या कानावर होतं आणि त्याचं तिला काही वाटत नव्हतं. टोचल्याशिवाय गुण कसा येणार, असं ती म्हणायची. लग्न केलं नाही. का केलं नाही असं विचारणाऱ्याला ती विचारायची, तुम्ही का केलंत, आणि समोरचा खरोखरच विचारात पडायचा.

श्रद्धेबद्दल तिचं म्हणणं सरळ होतं. वॉर्डात शिरताना हात धुवायचे असतात. आज मोठे डॉक्टर फेरीला येणार म्हणून धुतले, उद्या कोणी येणार नाही म्हणून राहू दिले, असं चालत नाही. हात धुतानाच तिची प्रार्थना चालायची, कोपरापर्यंत साबण लावून, ओठ हलवत. नव्या नर्सना वाटायचं, ही कुणाला तरी शिव्या देतेय. कधीकधी तसंही असायचं. देवाशी तिचं भांडण रोजचंच होतं आणि तिच्या मते घरातल्या माणसाशीच माणूस रोज भांडतो.

शिकाऊ असताना तिच्या मेट्रननं तिला एक गोष्ट शिकवली होती. बाळ जगण्यातलं नसेल, पाळकाला बोलवायला वेळ नसेल आणि आईबापांची इच्छा असेल, तर ख्रिस्ती सुईणीनं स्वतः बाप्तिस्मा द्यायचा. वाटीभर पाणी, बाळाचं नाव आणि पिता-पुत्र-पवित्र आत्म्याचं ते एक वाक्य. बस. देवाला झगा आणि ऑर्गन लागत नाही, असं मेट्रन म्हणायची. सिस्टरनं अशी बरीच लेकरं देवाच्या हवाली केली होती, आणि प्रत्येक वेळी नंतर बाहेर येऊन त्याच देवाची खरडपट्टी काढली होती.

आता त्या बाळाविषयी. त्याची आई, जिला सिस्टर नुसतं पोरगी म्हणायची, लॉन्ड्रीत इस्त्री करायची. हॉटेलांच्या चादरी, टेबलांवरची कापडं, दिवसभर वाफेत उभं राहायचं. लॉन्ड्रीची गाडी चालवणाऱ्याशी तिचं जमलं होतं. पोटाची बातमी कळल्यावर त्यानं जो पोबारा केला, तो गाडीसुद्धा अर्ध्या रस्त्यात सोडून. बाळंतपणाला ती एकटी आली, एका पिशवीत सगळा संसार घेऊन. सुट्टी मिळाल्यावर बाळाला घेऊन दवाखान्याच्या दाराजवळच्या बाकावर बसली ती बसलीच. सिस्टरची ड्युटी संपली तरी तिथेच. कुणाची वाट बघतेस, असं सिस्टरनं विचारलं. कुणाचीच नाही, असं ती म्हणाली. मग इथे बसून काय करतेस, चल, असं खेकसून सिस्टरनं तिची पिशवी उचलली. तेव्हापासून सिस्टरच्या मागच्या खोलीत, जिथे बंद पडलेलं शिलाई मशीन आणि जुन्या खुर्च्या होत्या, तिथे ती दोघं राहत होती. खुर्च्या गच्चीवर गेल्या. बाळ रडलं की सिस्टर ओरडायची, आणि सिस्टर ओरडली की बाळ गप्प व्हायचं. दोघांचं चांगलं जमलं.

नाताळच्या नाटकात दरवर्षी गव्हाणीत एक प्लॅस्टिकची बाहुली असायची, जिचा एक डोळा मिटतच नसे. यंदा सिस्टरच म्हणाली, घरात खरं बाळ असताना या काण्या, डोळा मारणाऱ्या बाईपुढे गुडघे कशाला टेकायचे. सगळ्यांनी कल्पना उचलून धरली. नाटक झालं. बाळ गव्हाणीत शहाण्यासारखं झोपलं, पोरगी पडद्याआड दुपटं घेऊन उभी. बाळ येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांपैकी पहिले होते मंडळीचे खजिनदार. शहरात त्यांचं फर्निचरचं मोठं दुकान, दाढी घरची आणि झगाही घरचा, त्यामुळे ती भूमिका त्यांच्याकडे कायमची. त्यांनी गव्हाणीपुढे गुडघे टेकले आणि त्यांना भरून आलं. नाटकात नव्हे, खरोखर. नंतर बायाबापड्या रांग लावून बाळाचे पाय बघून गेल्या. तरुण पाळकानं त्या दिवशी फार गोड प्रवचन केलं. येशूसाठी दार एक दिवस नाही, वर्षभर उघडं ठेवा, असं तो म्हणाला. पोरगीनं ते पडद्याआडून ऐकलं आणि खरं मानलं. तिचं चुकलं ते एवढंच.

जानेवारी लागल्यावर ती सिस्टरला घेऊन पाळकाकडे गेली. बाळाचा बाप्तिस्मा करायचा होता. पाळक बिचारा वाईट माणूस नव्हता. तो फक्त घाबरट होता, आणि घाबरट माणसं वाईट माणसांची निम्मी कामं फुकटात करून देतात, असं सिस्टरचं मत होतं. त्यानं त्यांना बसायला खुर्च्या दिल्या, बाळाच्या गालाला बोट लावलं आणि विचारलं, बाळाचे वडील कधी येऊ शकतील. पोरगी म्हणाली, त्याला आणता आलं असतं तर आधी मीच आणलं असतं. पाळक कसनुसा हसला. मंडळीत नियम असा आहे, आईवडील दोघं, रीतसर लग्न झालेले. त्यातून काही मार्ग निघेलही, पण विषय पंच कमिटीपुढे ठेवावा लागेल. नंतर बघू, असं तो म्हणाला. निघताना पुन्हा एकदा म्हणाला, नंतर बघू.

घराजवळ आल्यावर पोरगी म्हणाली, "मावशी, मला दुसरं काही नको होतं. याला बाप नाही. निदान तेवढं एक घर तरी याचं असावं."

सिस्टरनं तिला शब्द दिला. हे बाळ मंडळीत घेतलं जाईल, मी बघते कोण अडवतं ते. शब्द दिला की दिला. सिस्टरच्या आयुष्यात तो परत घेण्याची सोय नव्हती.

मंडळीचा कारभार बघणारी पंच कमिटी चर्चच्या मागच्या खोलीत बसते. लांब टेबल, भिंतीवर जुन्या पाळकांचे फोटो आणि कोपऱ्यात नाताळच्या उरलेल्या कागदी झिरमिळ्यांचं खोकं. सिस्टरला बोलावणं नव्हतं. ती दार ढकलून आत गेली आणि रिकाम्या खुर्चीवर बसली. खजिनदार टेबलाच्या टोकाला होते. त्यांच्या शेजारी त्यांची बायको. खजिनदारीणबाई चर्चमधली फुलं आणि बाप्तिस्म्याच्या कुंडातलं पाणी यांची व्यवस्था बघायच्या. कमिटीत त्या सहसा तोंड उघडत नसत. बाकीचे नेहमीचेच, मान डोलवणारे.

खजिनदारांनी विषय मोठ्या समजुतीनं मांडला. आपल्याला त्या मुलीबद्दल राग नाही. उलट सहानुभूतीच आहे. पण उद्या आपल्या पोरीबाळींनी यातून काय शिकायचं? आज हिला हो म्हटलं तर उद्या कुणाला नाही म्हणणार? मुलीनं आधी आयुष्याची घडी बसवावी, कुणी भला माणूस भेटला तर लग्न करावं, मग बाप्तिस्मा थाटात करू. तोवर विषय तहकूब ठेवू.

"नाताळला तुम्ही त्याच बाळापुढे गुडघे टेकले होते," सिस्टर म्हणाली.

"सिस्टर, नाटकाचं वेगळं असतं."

"तुम्ही रडला होतात."

"ते येशूसाठी," खजिनदार म्हणाले.

तिला सांगायचं होतं की ज्या येशूसाठी तुम्ही रडलात, त्याच्या आईलाही लोकांनी हेच विचारलं असेल, घडी बसव आणि मग ये. तिनं ते सांगितलं, आणि बरंच मोठ्या आवाजात सांगितलं. पाळक टेबलावरच्या पेन्सिलीकडे बघत राहिला. मान डोलवणाऱ्यांनी माना डोलवल्या, पण खजिनदारांच्या बाजूनं. ज्यांची बाळंतपणं तिनं केली ते लोक तिच्यासमोर मूग गिळून बसले होते, याचा तिला सगळ्यात जास्त संताप आला.

आणि मग तिला आठवलं की आपल्या हातात काय आहे.

या खोलीतल्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरचं बाळंतपण तिच्या हातून झालं होतं. कोणाचं काय, कधी, कसं, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. खजिनदारांचा थोरला, जो आता दुसऱ्या गावी मोठ्या नोकरीवर आहे, तो लग्नानंतर सातव्या महिन्यात झाला होता. सातव्या महिन्यातलं बाळ तिनं ओळखलं नसतं तर कुणी ओळखायचं. हे चांगलं टम्म भरलेलं, नखं बोटांच्या पुढे आलेली, आवाज असा की शेजारच्या वॉर्डातले लोक जागे झाले. बाहेर व्हरांड्यात सासू उभी होती, तोंड आंबट करून. आत नवी नवरी पांढरीफटक. सिस्टर बाहेर गेली आणि सासूला म्हणाली, बाळ लवकर आलंय खरं, पण देवाची कृपा, अंगानं धडधाकट आहे. सासूनं हातपाय बघितले, सिस्टरचा चेहरा बघितला आणि पुढे काही विचारायची तिची छाती झाली नाही. त्या खोट्याबद्दल सिस्टरनं देवाकडे कधी माफी मागितली नव्हती आणि मागायचा विचारही नव्हता.

आता फक्त एक वाक्य बोलायचं होतं. थोरला लग्नानंतर कितव्या महिन्यात झाला, साहेब, एवढंच. ते वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. तिनं तोंड उघडलं, आणि खजिनदारीणबाईंनी तिच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर तीच भीती होती, त्या दिवशी बाळंतपणाच्या पलंगावर होती ती.

सिस्टरनं तोंड मिटलं. इतक्या जोरात मिटलं की दात वाजले.

"बघून घेईन," एवढं म्हणून ती उठली आणि दार आपटून बाहेर पडली.

घरी येईपर्यंत ती तणतणत होती, आणि राग खजिनदारांचा नव्हता. त्या दिवशी तिला सगळ्यात जास्त राग आला तो येशूचा. एरवी वर्षभर हात धुताना कानीकपाळी ओरडायचं, लोकांना माफ कर, शेजाऱ्यावर प्रेम कर, आणि ऐन वेळी, हातात धारदार सुरी असताना, मनगट धरून ठेवायचं. दुसऱ्या कुठल्या धन्यानं असं केलं असतं तर तिनं नोकरी सोडली असती. रस्त्यानं ती हे सगळं त्याला मोठ्यानं सांगत चालली होती. समोरून येणारी माणसं बाजूला होत होती.

स्वयंपाकघरात पोरगी बाळाचे कपडे इस्त्री करत होती. सिस्टरनं काही न सांगता फडताळातून वाटी काढली, नळाखाली धरली, भरली. बाहीनं टेबल पुसलं.

"आण त्याला इकडे," ती म्हणाली. "मला येतं. मी केलेत. पाळकाची गरज नाही, कमिटीची नाही, कुणाच्या बापाची नाही. आत्ता इथे करून टाकते, आणि देवाला ते चालतं, मेट्रननं मला शिकवलंय."

पोरगीनं इस्त्री उभी ठेवली. बाळाला उचललं, पण दिलं नाही. कमिटी काय म्हणाली हे विचारायची तिला गरज पडली नाही.

"तुम्ही कुणाचे केलेत, मावशी?"

"वॉर्डातल्या बाळांचे."

"कुठल्या?"

सिस्टरनं वाटी टेबलावर ठेवली.

"जी जगणार नव्हती त्यांचे ना," पोरगी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण सिस्टरनं तिला एवढं चिडलेलं आधी कधी बघितलं नव्हतं. "हा मरत नाहीये, मावशी. चांगला जगतोय. याचं लपूनछपून काही करायचं नाही. करायचं तर त्यांच्यासमोर, नाही तर राहू द्या."

सिस्टर आयुष्यभर लोकांना गप्प करत आली होती. त्या दिवशी तिला एका इस्त्रीवालीनं गप्प केलं. तिनं वाटी मोरीत रिकामी केली आणि खुर्चीवर बसली. मग म्हणाली, रविवारी तो पांढरा झगा घाल त्याला, आणि इस्त्री नीट कर, खजिनदारांना चष्म्यातून सगळं दिसतं.

चर्चमध्ये बाप्तिस्म्याचा दगडी कुंड मोठ्या दाराच्या अगदी आत आहे. देवाच्या घरात शिरायची वाट तीच, म्हणून जुन्या लोकांनी ते तिथे बसवलं. त्याच्या बाजूनं गेल्याशिवाय कुणाला आतही येता येत नाही आणि बाहेरही जाता येत नाही. रविवारी उपासना सुरू व्हायच्या आधी सिस्टर आणि बाळाला घेतलेली पोरगी त्या कुंडापाशी उभ्या राहिल्या. बाकांवर बसल्या नाहीत. लोक येत गेले, बघत गेले, नमस्कार करावा की नाही या विचारात तसेच पुढे गेले. प्रवचनभर त्या उभ्या होत्या. शेवटचं गीत झालं, आशीर्वाद झाला, तरी उभ्या. पाळक हस्तांदोलनासाठी नेहमीप्रमाणे दाराकडे यायला निघाला आणि अर्ध्या वाटेत थांबला. त्याच्यामागे सगळी मंडळी थांबली. बाहेर अंगणात चहा मांडलेला होता आणि तो थंड होत होता, हे प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं.

"सिस्टर," पाळक हळू म्हणाला, "आपलं ठरलं होतं, नंतर बघू."

"हे नंतरच आहे," सिस्टर म्हणाली. "नाताळ होऊन गेला. आता बघा."

खजिनदार पुढे आले. ही जागा तमाशा करायची नव्हे, असं त्यांनी शांतपणे सांगितलं, आणि कुंड कोरडं आहे, पाणीही ठेवलेलं नाही, हेही सांगितलं. सिस्टरचे गुडघे दुखत होते, म्हणून तिनं दोन्ही हात कुंडाच्या कडेवर टेकवले. पोरगीनं बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. वेळ जात होता आणि कुणीच हलत नव्हतं.

मग मागे, वेदीच्या बाजूच्या खोलीत, नळ सोडल्याचा आवाज आला.

खजिनदारीणबाई पाण्याचा जग दोन्ही हातांत धरून मधल्या वाटेनं आल्या. लोकांनी त्यांना वाट दिली. नवरा हळूच म्हणाला, अगं, काय करतेस. त्या त्याच्या शेजारून पुढे गेल्या, कुंडापाशी आल्या आणि सगळा जग त्यात ओतला. थोडं पाणी त्यांच्या बुटांवर सांडलं. जग त्यांनी खाली ठेवला आणि नवऱ्याकडे वळल्या. जवळच्या दोन-चार रांगांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात त्या बोलल्या.

"माझ्या थोरल्याच्या वेळी मला कुणी काही विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "आणि विचारण्यासारखं होतं."

खजिनदारांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी आधी बायकोकडे आणि मग सिस्टरकडे बघितलं. हिनं मंडळीत सांगितलं असणार, म्हणून बायको बोलली, असं त्यांना वाटलं असावं. सिस्टरनं डोळे वटारून त्यांच्याकडे बघितलं आणि मानेनंच नाही म्हणून सांगितलं. मग त्यांना कळलं की हिनं कधीच कुणाला सांगितलं नव्हतं, कमिटीच्या त्या दिवशीसुद्धा नाही, आणि ते बाकाच्या टोकावर बसले. बसायला जागा नव्हती, तरी बसले. कुणी तरी सरकून घेतलं.

पाळक पुढे आला. त्याच्या कपाळावर घाम होता, पण तो आला, हे त्याच्या नावावर लिहून ठेवलं पाहिजे. त्यानं बाळाला हातात घेतलं. पोरगीनं नाव सांगितलं. बाळानं पाणी डोक्यावर पडल्यावर असा सूर लावला की वेदीजवळच्या पहिल्या बाकावरच्या बहिऱ्या म्हातारीनंही मान वर केली. खजिनदारीणबाई सिस्टरच्या शेजारीच उभ्या होत्या. सिस्टरनं त्यांच्याकडे बघितलं नाही, नुसता त्यांचा ओला हात घट्ट धरला, आणि तो बराच वेळ सोडला नाही.

त्यानंतर बाप्तिस्म्याच्या रीतीत एक प्रश्न असतो, तो मंडळीला विचारतात. या लेकराला तुम्ही आपलं मानाल का, त्याला श्रद्धेत वाढवायला मदत कराल का. वर्षानुवर्षं लोक त्याला पुटपुटून हो म्हणतात आणि चहाकडे निघतात. पाळकानं तो प्रश्न विचारला. बाकांमधून एक अस्पष्ट गुणगुण उठली आणि लोकांनी कोट सावरायला सुरुवात केली.

सिस्टर दारात उभी होती. ती बाजूला झाली नाही.

"ऐकू आलं नाही," ती म्हणाली.

पाळकानं पुन्हा एकदा विचारलं, आणि मंडळीनं पुन्हा उत्तर दिलं, या वेळी बाहेर अंगणात ऐकू जाईल असं.